धवलारणीचा डोस

काशीच्या गळ्यातली गाठ काढावी लागेल असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आवाज कुठल्या बाजूला असतो, तेवढं सांगा. ती बाजू सोडून काय पन कापा."

डॉक्टर भला माणूस. त्यानं कागदावर गळ्याचं चित्र काढलं. ही थायरॉईडची ग्रंथी, हिच्या दोन्ही बाजूंना गाठी झाल्यात, म्हणून सगळीच काढणार. ती शरीराला जे पुरवत होती ते पुढं गोळीतून द्यायचं, रोज सकाळी एक, जन्मभर. आणि आवाजाच्या नसा या इथून, अगदी खेटून जातात. "आम्ही जपूनच काम करतो," तो म्हणाला, "पण वरच्या पट्टीची खात्री मी देणार नाही."

काशीनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि सुनेच्या, सोनलच्या, हातात दिलं. "ठेव नीट. उद्या चुकीचं काय कापलं तर दाखवाया बरं."

आता तुम्ही म्हणाल, साठीच्या बाईला वरची पट्टी कशाला हवी? तर काशी धवलारीण आहे. रेवस आणि मांडव्याच्या मधल्या त्या आगरी गावांत लग्न निघालं की भटजीला नंतर फोन जातो, आधी धवलारणीच्या दारात माणूस येतो. मांडव घालायचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, नवरी न्हाण्याचा वेगळा. धवला म्हणजे गाणंच, पण नुसतं गाणं नव्हे. कुलदेवापासून गावदेवीपर्यंत आणि मेलेल्या आज्यापणज्यांपासून मामामावशीपर्यंत सगळ्यांना त्यातून आवतण जातं. धवला संपला नाही तर विधी संपला नाही, मग भटजी किती का घड्याळ बघेना.

आणि धवला एकटीनं होत नाही, दोघी लागतात. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती झेलून मागून म्हणायची. काशी उचलायची, सगुणा झेलायची. तीस वर्षं हेच. सगुणा शेजारच्या आळीतली, काशीपेक्षा दोन वर्षांनी लहान, आवाज गोड, पण पुढं व्हायची हिंमत नाही. म्हणजे हिंमत नाही असं काशी म्हणायची. सगुणाला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी काशीच्या भावाच्या, दयारामच्या, नातीचं लग्न ठरलेलं होतं. नात मृणाली, पनवेलला बँकेत नोकरीला. दयारामच्या घरातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या काशीच्या धवल्यावर न्हाल्या होत्या, मृणाली तिसरी पिढी. "ऑपरेशन आता नवरात्र झाल्यावर करू," काशीनं हिशोब मांडला, "म्हंजे मेपर्यंत आवाज भरून येल." तिला गाठीची भीती नव्हती, कापण्याची नव्हती. मृणालीच्या मांडवात दुसरीच कुणी ओळ उचलील, ही एकच धास्ती तिला होती.

ऑपरेशन नीट झालं. गाठीही साध्याच निघाल्या, जिवाला धोका असलं काही नाही. गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसली तेव्हा गळ्याला पट्टी आणि आठ दिवस कमी बोलायची ताकीद. काशीनं कमी बोलायचं म्हणजे खाडीनं भरतीला थांबायचं! ती टाळ्या वाजवून घर चालवायला लागली. एक टाळी म्हणजे पाणी, दोन टाळ्या म्हणजे चहा, आणि लागोपाठ टाळ्या म्हणजे नवरा धर्माजी जे काही करतोय ते चुकीचं करतोय. धर्माजी जन्मभर मिठागरात आणि नंतर ट्रकवर राबलेला, मुळातच अबोल माणूस. तो म्हणाला, "टाल्या बऱ्या. लवकर संपतात."

गोळ्या दोन होत्या. एक थायरॉईडची, बारकी, शंभरची. दुसरी कॅल्शियमची, बोटाच्या पेराएवढी. सोनलनं दोन्ही समजावून सांगितल्या होत्या आणि डब्यावर चिठ्ठ्याही चिकटवल्या होत्या. पण सोनल सकाळी सहाच्या एसटीनं अलिबागला कामाला जायची. पुढं काशीचं राज्य.

दीड महिन्यानं रक्त तपासलं. टीएसएच नावाचा एक आकडा असतो, तो ऑपरेशनआधी तीन होता, आता आला अठरा. सोनलनं रिपोर्टचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि बघता बघता अभिनंदनाचा पाऊस पडला. दयारामनं अंगठे पाठवले, कुणी फुलांचे गुच्छ पाठवले. तीनाचे अठरा! काशीनं रिपोर्टची झेरॉक्स देव्हाऱ्यात ठेवली. संध्याकाळी सोनल घरी आली आणि तिनं सगळ्यांना फोन करून सांगितलं, की बाबांनो, हा आकडा कमी यायला पाहिजे, हे काय दहावीचे मार्क नाहीत. दुपारी पेढे खाल्लेल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

आकडा वाढला म्हणजे औषध कमी पडतंय. डॉक्टरांनी शंभरची सव्वाशे केली. काशीला फरक काहीच नाही. फरक कसला, उलट ती दिवसेंदिवस मंदावत चालली. भर दुपारी स्वेटर घालून ओटीवर बसायची. चेहरा सुजला, पाय जड झाले. बोलायला तोंड उघडलं की वाक्य कधी पूर्ण होईल याचा नेम नाही. धर्माजी खोटं कशाला बोलेल, त्याला ते दिवस बरे गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला घरात स्वतःचा खोकला ऐकू आला.

जानेवारीत गावातलं एक लग्न होतं. काशी हट्टानं गेली. मांडवाचा धवला तिनं उचलला, पण असा उचलला की एकेका देवाला आवतण पोचायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली. आवाज घोगरा, वर चढायला तयारच नाही. कुलदेव येऊन बसले, गावदेवी वाटेत, आणि आजे-पणजे अजून घरूनच निघालेले नाहीत! सगुणा बिचारी झेलायला तोंड उघडून बसायची, ओळ यायचीच नाही, मग तोंड मिटायची. भटजीनं तीनदा घड्याळ बघितलं. शेवटी डीजेवाल्या पोरानं धवला संपला असं समजून स्पीकर सुरू केले, आणि काशीच्या निम्म्या ओळीवर कोळीगीत आदळलं.

"डोस कमी हाय," घरी जाताना काशी म्हणाली. "डोस बसला की आवाज आपोआप चढंल."

दुसऱ्या दिवशी दयाराम काशीकडे आला. पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे तो. "काशे, माझा काय भरवसा बसत नाय. मोबाईलवर धवलं मिलतात आता. लावू स्पीकरवर."

"दादूस!" काशी स्वेटरमधून उसळली. "माझ्या नातीला मोबाईल न्हानी घालनार? मी मेले का?"

"मंग तो आकडा खाली आन," दयाराम म्हणाला. "आकडा बरोबर आला तर तू, नायतर मोबाईल." म्हणजे बघा, लग्नपत्रिका छापायला गेली तरी धवलारीण कोण ते टीएसएचवर अडलं.

पुढचा आकडा आला एकतीस. सव्वाशेची दीडशे केली. त्याच्या पुढचा आला सव्वीस. आता मात्र डॉक्टर चक्रावले. एवढा डोस म्हशीलासुद्धा पुरला असता. त्यांनी काशीला लाँचनं बोलावून घेतलं.

"गोळी रोज घेता?"

"रोज."

"रिकाम्या पोटी?"

"आता देवा! रिकाम्याच पोटी. नुसता चा घ्याचा नि गोली घ्याची. खानं मंग आठ वाजता."

डॉक्टरांनी सोनलकडे पाहिलं, सोनलनं कपाळाला हात लावला. काशीला कळेना की हे दोघं असे का बघतायत. चहा म्हणजे काय खाणं असतं?

"बरं," डॉक्टर म्हणाले, "कशी घेता ते मला करून दाखवा."

काशीनं पिशवीतून डबा काढला. आधी थायरॉईडची बारकी गोळी तळहातावर ठेवली. मग कॅल्शियमची मोठी काढून तिच्या शेजारी टेकवली. दोन्ही अशा मायेनं जवळ सरकवल्या, आणि मूठ तोंडाकडे नेली.

"थांबा, थांबा! दोन्ही एकदम? दुसरी जेवणानंतरची आहे ना?"

"व्हय, सोनल तसं बोल्लीवती," काशी म्हणाली. "पन डॉक्टर, मी धवलारीन बाई. आमच्यात कंदी काय एकटं ठेवत नाय. पाट दोन, कलश दोन, सुपाऱ्या दोन. ही एवढीशी नवरी एकटी पोटात धाडाची, बरं दिसतं का? म्हनून नवऱ्याबरोबर धाडते."

पाच महिने! पाच महिने ही बाई रोज सकाळी दूध घातलेल्या चहाबरोबर दोन गोळ्यांचं लग्न लावून गिळत होती, आणि तो आडदांड नवरा त्या बारक्या नवरीला पोटात पोचल्या पोचल्या धरून ठेवत होता. ती रक्तात उतरायचीच नाही. डॉक्टर आधी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले. "काशीबाई, या दोघांनी चार तास एकमेकांचं तोंड बघायचं नाही. सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर बारकी. तासभर चहासुद्धा नाही. मोठी गोळी दुपारच्या जेवणानंतर."

"चार तास अंतरपाट धराचा, असं म्हना की मंग," काशी म्हणाली. "एवढं सोपं होतं तर चित्रात कनाला नाय काढलं?"

डॉक्टरांनी डोस परत सव्वाशेवर आणला. आता औषध अंगी लागणार, दीडशे फार होतील. सोनलनं नवी पाकिटं आणून दिली. पण घरात दीडशेची तीन पाकिटं भरलेली शिल्लक होती, आणि काशीच्या घरात औषध असो की सुकं बोंबील, टाकायची रीत नाही. आधी जुनं संपवायचं, मग नवं फोडायचं. डब्यातून एकटी नवरी रोज पहाटे निघाली, पण दीडशेची.

पंधरा-वीस दिवसांत स्वेटर उतरला. महिन्यानं काशीनं कौलं झाडली, परसातली चूल मोडून नवी घातली, आणि धर्माजीला एका सकाळी दोनदा अंघोळीला पाठवलं. झोप उडाली. हात थरथरायला लागले, छातीत धडधड. मासळीवालीनं टोपली खाली ठेवायच्या आत काशीचा भाव करून, भांडून, रुसून आणि समजूत काढून झालेली असायची. धर्माजी दिवसभर देवळात जाऊन बसायला लागला. लोकांना वाटलं, म्हातारा देवभक्त झाला.

एप्रिलच्या सुरुवातीला एक हळद आली. दुपारची वेळ, अंगणात बायका जमलेल्या, नवरी पाटावर बसायची होती. काशीनं हळदीचा धवला उचलला आणि जी सुटली, जी सुटली! सगुणा पहिली ओळ झेलतेय तोवर हिची तिसरी बाहेर. बायकांनी नवरीच्या एका गालाला हळद लावली तेवढ्यात हळद संपली, न्हाणं संपलं, काशीच्या गाण्यात नवरी सासरी जाऊन पोचली. इकडे खरी नवरी एक गाल पिवळा घेऊन पाटावर बसलेली. तिच्या आईनं घाबरून विचारलं, "झालं? आता काय करू? जेवायला वाढू?"

सगुणा धापा टाकत उठली. तीस वर्षांत जे बोलली नव्हती ते भर अंगणात बोलली. "काशे, जानेवारीत तुझ्यामागं मी झोपले, आज तुझ्यामागं धावून माझा जीव जातोय! मी काय तुझ्या ट्रकला बांधलेली ट्राली हाय? तुझा डोस बसत नाय तोपर्यंत मना बोलवू नको. ती दुसरी धवलारीन नलू इचारतेच हाय, तिच्याबरोबर जाईन."

"जा जा! नि वरची ओल कोन उचलंल? नलू? तिचा सूर पापडासारखा मोडतो!"

"तुझा तरी चढतो का आता?"

हे खरं होतं. मंद असताना आवाज चढला नव्हता, आणि आता एवढी सुसाट सुटली तरी वरच्या ओळीला गळ्यातून नुसती हवाच आली होती. "डोस जास्त हाय," ती म्हणाली, पण तेव्हा सगुणा फाटकाबाहेर पडली होती.

रक्त तपासलं. आकडा जवळजवळ शून्य. सोनलला केराच्या डब्यात दीडशेचं रिकामं पाकीट सापडलं आणि घरात जे झालं ते झालं. सुनेनं सासूला झापलं, सासूनं पहिल्यांदा मुकाट ऐकून घेतलं. डॉक्टरांनी आता एकशेबाराची गोळी दिली, दीड महिन्यानं पुन्हा तपासा म्हणाले. सोनलनं जुनी पाकिटं स्वतःच्या पर्समध्ये घालून अलिबागला नेली.

ते दीड महिने काशी शहाण्यासारखी वागली. पहाटे पाणी, गोळी, मग तासभर चहाच्या पातेल्याकडे पाठ करून बसायचं. दुपारी जेवण, कॅल्शियम. हळूहळू हात थांबले, झोप लागायला लागली, चेहऱ्याची सूज गेली. धर्माजी देवळातून घरी परतला. बोलणं पूर्वीसारखं झालं, म्हणजे भरपूर, पण ऐकणाऱ्याला समजेल असं. गळ्यावरचा व्रण पार पुसट झाला. फक्त दुपारी घरात कुणी नसलं की ती मागीलदारी जाऊन केळीच्या आड हलकेच वरची ओळ उचलून बघायची. रोज. आणि रोज स्वतःलाच सांगायची, अजून रिपोर्ट कुठं आलाय? डोस बसू दे.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा रिपोर्ट आला. आकडा दोन. सोनल एसटी स्टँडवरूनच फोनवर ओरडली, "आई, दोन! एकदम नॉर्मल! डोस बसला!" ग्रुपवर पुन्हा गुच्छ आले, या वेळी बरोबर कारणासाठी. दयाराम पेढे घेऊन आला. "चला, मोबाईलची कटकट गेली. मांडवाला तूच."

काशीनं पेढा हातात घेतला आणि तिला रडू कोसळलं.

दयाराम घाबरला. आकडा चांगला आला की रडायचं असतं की काय, या आकड्याचं काही सांगता येत नाही. सोनल घरी आली तेव्हा काशी ओटीवरच बसून होती. "सोनल," ती म्हणाली, "डोस बसला गो. नि आवाज नाय चढत. आता कुनावर घालू?" सोनल तिच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी काशी सगुणाच्या दारात गेली. दीड महिन्यात तिकडे पाय टाकला नव्हता. सगुणा वालाच्या शेंगा सोलत होती, वर बघितलं नाही. काशी तिच्या समोर फतकल मारून बसली, सुपातल्या चार शेंगा उचलून सोलायला लागली.

"आकडा दोन आला," काशी म्हणाली.

"ऐकलं. गावभर झालं."

"वरचा आवाज नाय आला. येनार पन नाय." एवढं म्हणायला तिला एकशेबाराची काय, दीडशेची ताकद लागली. "मृनालीला तू उचल. मी मागून येते."

सगुणाचे हात थांबले. "मी? मी पुढं? मना नाय जमाचं, काशे. तीस वर्षं मागं हाय मी. पुढची ओल कुठली ते तुझ्या तोंडाकडं बघून कलतं मना."

"मंग आता मी तुझ्या तोंडाकडं बघन," काशी म्हणाली, आणि शेंगेचं साल उगाचच जोरात फाडलं.

मांडवाचा दिवस उजाडला. दयारामच्या अंगणात दोनशे माणूस. मधोमध उंबराची फांदी रोवलेली, मृणाली पिवळ्या साडीत पाटावर, बायका कडेनं दाटून बसलेल्या. धवलारणी दोन पाटांवर बसल्या, पण आज उचलणारीच्या जागी, उजवीकडे, सगुणा आणि काशी डावीकडे. बायकांत कुजबुज झाली. दयारामनं भुवया उंचावून काशीकडे पाहिलं, तिनं त्याला हातानंच गप्प केलं.

सगुणानं डोळे मिटले आणि ओळ उचलली. आवाज आधी कापला, मग सरळ झाला आणि वर गेला, असा वर गेला की काशीच्या अंगावर काटा आला. हे बाईच्या गळ्यात तीस वर्षं होतं आणि आपण शेजारी बसून ऐकलं नाही? काशीनं ओळ झेलली, खालच्या पट्टीत, भरीव. आवाज नाही चढला, पण बसला मात्र बरोबर. दुसरी ओळ, तिसरी ओळ. ना मंद, ना घाई. मृणालीनं मान वळवून आत्याआजीकडे पाहिलं आणि हसली.

आणि मग आवतण द्यायची वेळ आली. पहिला मान कुलदेवाचा. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण सगुणा आयुष्यात पहिल्यांदा पुढं, समोर दोनशे माणूस, नेमका समोरच नवा फेटा बांधून दयाराम उभा. तिची जीभ सरकली. कुलदेवाच्या जागी तिनं दणदणीत आवाजात पहिलं आवतण दयारामला दिलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले. सगुणाचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे काशीकडे वळले. चूक झाली की काशी काय करते ते साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. भटजीचासुद्धा मंत्र तिनं एकदा मधेच थांबवून सुधारून घेतला होता. सगळे वाट बघत होते.

काशीनं सगुणाच्या डोळ्यांत पाहिलं, छातीभर श्वास घेतला, आणि तीच ओळ, दयारामला देवाच्या आधी बसवून, शब्दाला शब्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत मागून म्हटली.